चोरस्विच: बसवावा का, आणि कोणत्या वायरवर?

या महिन्यात सदराकडे आलेल्या पत्रांपैकी दुचाकीच्या चोरीसंबंधीची पत्रे एकत्र घेतली आहेत. बहुतेकांचा प्रश्न फिरून एकाच जागी येतो: कंपनीने दिलेल्या चावीवर भरवसा उरलेला नाही, तेव्हा गॅरेजमध्ये ज्याला ‘चोरस्विच’ म्हणतात तो दुसरा इग्निशन स्विच गाडीत बसवून घ्यावा का? सगळी पत्रे ठाणे आणि नवी मुंबईतली आहेत. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत आणि दोघांनी आपला स्विच कुठे आहे हे उत्साहाने कळवले होते तो मजकूरही गाळला आहे, कारण मासिकात छापून आलेला चोरस्विच लपलेला राहत नाही.

प्रश्न: माझ्याकडे तेरा वर्षे जुनी, १०० सीसीची, कार्ब्युरेटर असलेली मोटरसायकल असून ती इमारतीखाली उघड्यावर उभी असते. गेल्या चार महिन्यांत आमच्याच गल्लीतून दोन गाड्या गेल्या. ओळखीचा मेकॅनिक सीटखाली एक बटण बसवून देतो म्हणाला. अर्ध्या तासाचे काम आहे. कोणती वायर तोडणार असे विचारले, तर ‘चावीच्या सॉकेटची एक वायर’ एवढेच उत्तर मिळाले. हे काम करून घ्यावे का? (एक वाचक, कळवा)

उत्तर: करून घ्यावे, मात्र ती ‘एक वायर’ नेमकी कोणती, हे मेकॅनिकला सांगता येईल तेव्हाच. अर्ध्या तासाचे काम हे खरे आहे, परंतु त्या अर्ध्या तासात चुकीच्या वायरला हात लागला तर एक तर स्विचचा काही उपयोग होत नाही, किंवा गाडी भर रस्त्यात बंद पडू लागते.

स्पार्क प्लगला लागणारी वीज आपल्याकडच्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांमध्ये दोन वाटांनी येते. पहिल्या प्रकारात इंजिनाच्या मॅग्नेटमध्ये, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या भागात, त्यासाठी वेगळी कॉइल असते आणि तिची वीज थेट सीडीआयला, म्हणजे ठिणगी घडवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीला, मिळते. बॅटरीचा तिथे काही संबंध नसतो. अशा गाडीत चावीचे काम आपण समजतो त्याच्या अगदी उलट आहे. चावी बंद केली की सीडीआयला जाणारी एक वायर गाडीच्या सांगाड्याला, म्हणजे अर्थला, जोडली जाते, कॉइलची सगळी वीज तिथून निघून जाते आणि ठिणगी पडत नाही; चावी चालू केली की ही जोडणी सुटते, एवढेच. दुसऱ्या प्रकारात बॅटरीची १२ व्होल्ट वीज चावीतून सीडीआयला पोहोचते आणि चावी बंद केली की ती तुटते, म्हणजे घरातल्या दिव्याच्या बटणासारखा हा सरळ मामला आहे.

पहिल्या प्रकारातली गोम अशी की चावीच्या स्विचचा कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लग, हेडलाइटमागून नुसता उपसून काढला, तरी अर्थची जोडणी सुटते आणि गाडीच्या दृष्टीने ती चावी चालू केल्यासारखीच होते. मग एक किक पुरते. हे लिहून मी चोरांची शिकवणी घेतो आहे असे कुणाला वाटेल, परंतु चोरांना हे कधीचेच ठाऊक आहे. ठाऊक नसते ते मालकाला, जो लॉकसेट नवा बसवून निर्धास्त होतो.

आपली गाडी कोणत्या प्रकारची आहे हे ओळखण्याची सोपी खूण आहे. बॅटरीजवळचा मुख्य फ्यूज काढावा, चावी चालू करावी आणि किक मारावी. गाडी सुरू झाली तर ती मॅग्नेटवर चालणारी आहे, नाही झाली तर बॅटरीवर. सुरू झाल्यास लगेच बंद करावी. बॅटरी तोडलेल्या अवस्थेत इंजिन चढवले तर व्होल्टेज आवरले जाईलच असे नाही आणि बल्ब उडू शकतात. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीवर ही चाचणी करूच नये.

गाडी मॅग्नेटवर चालणारी निघाली, तर चोरस्विच हा चावीच्या स्विचला समांतर जोडायचा असतो: सीडीआयच्या त्या बंद करणाऱ्या वायरवरून एक फाटा काढायचा, तो स्विचच्या एका टोकाला आणि स्विचचे दुसरे टोक सांगाड्याला. स्विच ‘चालू’ म्हणजे इंजिन ‘बंद’, हे घरातल्या सर्वांना एकदा समजावून सांगावे लागते. हा फाटा चावीच्या कपलरपाशी न काढता सीडीआयच्या अगदी जवळ काढावा, म्हणजे हेडलाइटमागचा कपलर उपसूनही गाडी मुकीच राहते. आता आपल्या मेकॅनिकने चावीच्या सॉकेटची हीच वायर तोडून तिच्या मध्ये स्विच घातला असता, तर काय झाले असते? स्विच उघडा ठेवल्यावर गाडी चावीनेसुद्धा बंद झाली नसती, आणि चोराला कपलर उपसण्याचे कष्टही वाचले असते. माझ्यासमोर अशी एक गाडी आलेली आहे. मालक बिचारा दोन वर्षे समाधानात होता.

गाडी बॅटरीवर चालणारी असेल, तर सीडीआयला जाणारी १२ व्होल्टची वायर तोडून स्विच तिच्या मध्ये, म्हणजे सिरीजमध्ये, घालावा. इथे उलटी चूक, म्हणजे ही वायर स्विचने अर्थला जोडण्याची, केली की पहिल्याच वेळी फ्यूज जातो. वायरींच्या रंगांवर फार विसंबू नये. होंडा पद्धतीच्या वायरिंगमध्ये हिरवी वायर अर्थची आणि काळ्यावर पांढरी रेघ असलेली वायर इंजिन बंद करणारी असते. पण दुसऱ्या कंपनीच्या गाडीत हेच रंग वेगळ्याच कामाला असतात, आणि तेरा वर्षांत कुणी तरी मधला तुकडा हाताला लागेल त्या रंगाच्या वायरने जोडलेला असण्याची शक्यता त्याहून मोठी. टेस्टर किंवा मल्टिमीटर लावून खात्री करणाऱ्या माणसाकडूनच काम घ्यावे.

मॅग्नेटच्या गाडीत त्या वायरवर इंजिन चालू असताना शंभराहून अधिक व्होल्ट असतात, त्यामुळे मोबाइलच्या दुकानातले नाजूक बटण तिथे चालत नाही आणि उघडे टोक बोटाला लागले तर चांगलाच झटका बसतो. २५० व्होल्टचा, रबरी टोपी असलेला टॉगल स्विच घ्यावा. जोड पिळून टेप गुंडाळण्याऐवजी झाळून घ्यावेत आणि त्यांवर गरम केल्यावर आवळणारी स्लीव्ह चढवावी.

या शेवटच्या वाक्यामागे माझा स्वतःचा अनुभव आहे. माझ्या पहिल्या गाडीत मी हौसेने स्वतःच चोरस्विच बसवला होता, बॅटरीच्या वायरवर, सिरीजमध्ये, पिळलेले जोड आणि वर काळी टेप. पहिला पावसाळा निभावला. दुसऱ्या वर्षी जुलैत कळव्याच्या खाडीपुलावर, चढणीला, मागे बस असताना इंजिन बंद झाले. क्लच दाबून कशीबशी कडेला आलो. त्या धो धो पावसात साइड कव्हर उघडून पाहतो तो टेपचा गोंद वितळून ओघळलेला, आणि आत तांब्याच्या तारांवर देवघरातल्या न घासलेल्या पळीसारखा हिरवट चढा. बोटाने हलवले की दिवा लागे, सोडले की विझे. खाडीकाठच्या खारट हवेत उघडे तांबे वर्षभरातच असे होते. त्या दिवसापासून चोरस्विचकडे मी आधी बसणाऱ्याच्या जिवाच्या आणि मग चोरीच्या अंगाने पाहतो.

या दृष्टीने मॅग्नेटची गाडी भाग्यवान आहे: तिच्या समांतर स्विचची वायर तुटली, जोड कुजला, तरी इंजिन चालूच राहते, बिघाड होतो तो सुरक्षेत. तिथे जपायचे ते वायर घासली जाऊन सांगाड्याला टेकणार नाही एवढेच. बॅटरीच्या गाडीत मात्र प्रत्येक ढिला जोड म्हणजे बंद पडलेले इंजिन, म्हणून तिथे स्विच दहा अँपिअरचा, वायर कंपनीच्या मूळ वायरीपेक्षा बारीक नको, आणि दर पावसाळ्यापूर्वी एकदा कव्हर उघडून पाहणे ओघाने आलेच.

जागेविषयी थोडेसे. सीटखाली नको, ती मेकॅनिकांची आवडती जागा आहे आणि म्हणूनच चोराचा हात पहिल्यांदा तिथेच जातो. शिवाय रोज सीट उघडण्याचा कंटाळा येऊन आठ दिवसांत आपण स्विच लावणेच सोडून देतो. गाडीवरून उतरताना न वाकता, न पाहता, बोटांना सापडेल अशी जागा हवी: टाकीच्या मागच्या कडेखाली सांगाड्याच्या आतल्या अंगाला किंवा साइड कव्हरच्या वरच्या कडेमागे. सायलेन्सरची धग आणि चाकाचे उडणारे पाणी लागणार नाही एवढे पाहावे. वायर मूळ जुडग्याच्याच वेष्टनात घालून न्यावी, कारण स्विच कितीही लपवला तरी नवी कोरी लाल वायर त्याचा पत्ता सांगते.

एवढे करूनही चोरस्विच फक्त इंजिन सुरू होऊ देत नाही. हँडल लॉक जोराच्या हिसक्याने तोडून, दुसऱ्या दुचाकीवर बसलेल्याने पाय लावून गाडी ढकलत नेणे, किंवा दोघांनी उचलून टेम्पोत टाकणे, याला त्याच्याकडे उत्तर नाही. आपली गाडी उघड्यावर असते, म्हणून पुढच्या चाकातून सांगाड्यासकट घातलेली जाड साखळी इमारतीच्या खांबाला किंवा जिन्याच्या लोखंडी कठड्याला अडकवावी. नुसत्या चाकात घातलेले कुलूप टेम्पोला अडवत नाही.

प्रश्न: वडिलांची १९७८ ची येझदी मी पुन्हा चालती केली आहे. हिच्या हेडलाइटवरच्या स्विचमध्ये खिळ्यासारखी चावी दाबून बसते आणि मित्राच्या येझदीची चावीही तिला चालते. नेरूळ स्थानकाबाहेर गाडी लावून लोकलने जायचे म्हटले की पोटात गोळा येतो. हेडलाइटचे मूळ रूप न बिघडवता खरी चावी असलेला स्विच बसवता येईल का? (एक वाचक, नेरूळ)

उत्तर: येईल, आणि हेडलाइटला हात न लावण्याचा आपला हट्ट योग्य आहे. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याने १९७३ पासून येझदी या नावाने गाड्या काढल्या आणि १९९६ मध्ये तो कारखाना बंद पडला, त्यामुळे मूळ स्थितीतला एकेक भाग आता जपण्याजोगा आहे. ती खिळ्याची चावी कुलूप म्हणून घडवलेलीच नव्हती. आतल्या पट्ट्या जुळवणारी ती एक खुंटी आहे. किक आणि गिअर यांना एकच दांडी असलेली ही गाडी ज्याने कधी चालवली नाही त्याला ती सुरूच करता येत नाही, हाच काय तो तिचा जन्मजात चोरस्विच, आणि स्थानकाबाहेर तो पुरा पडणार नाही.

आपल्या गाडीत बॅटरी, प्लगसाठी व्होल्टेज चढवणारी कॉइल आणि इंजिनाबरोबर उघडमीट होणारे संपर्क, म्हणजे पॉइंट, अशी जुनी व्यवस्था आहे. हेडलाइटवरच्या स्विचमधून कॉइलकडे जाणारी वायर टाकीखालून येते. ती कॉइलच्या आधी तोडून तिच्या मध्ये चावीचा स्विच घालावा आणि तो बाजूच्या हत्यारांच्या डब्यात, आतल्या भिंतीवर बसवावा. बाहेरून काही दिसणार नाही, आणि पुढेमागे मूळ स्थिती हवी असल्यास दोन जोड काढले की झाले. कॉइल आणि पॉइंट यांच्यामधली वायर स्विचने अर्थला जोडण्याचा सल्ला काही जुने मेकॅनिक देतात. तसे केल्याने ठिणगी बंद होते हे खरे, परंतु कुणी हेडलाइटवरचा स्विच चालू करून ठेवला तर कॉइलमधून अखंड प्रवाह वाहत राहतो, कॉइल तापते आणि बॅटरी उतरते. चोर गाडी न नेता निघून गेला तरी आपल्याला घरी ती ढकलतच न्यावी लागेल.

खरी काळजी घ्यायची ती वेगळ्याच गोष्टीची, आणि १२ व्होल्टच्या गाड्यांवर हात बसलेल्या मेकॅनिकच्या ती लक्षात येत नाही: ही गाडी ६ व्होल्टची आहे. कॉइलमधून सुमारे ४ अँपिअर प्रवाह जातो असे धरले आणि स्वस्त स्विचने, दोन ढिल्या जोडांनी मिळून पाव ओहम अडथळा केला, तर एक व्होल्ट वाटेतच गळतो. १२ व्होल्टच्या गाडीत तो कुणाला कळणारही नाही. इथे तो सहावा हिस्सा आहे. ठिणगी अशक्त होते, गाडी सकाळी दहा किका मागते आणि दोष कार्ब्युरेटरवर जातो. म्हणून स्विच जाड पितळी संपर्कांचा घ्यावा, वायर दीड चौरस मिलिमीटरपेक्षा बारीक नसावी, आणि काम झाल्यावर पॉइंट मिटलेले असताना बॅटरीचे धन टोक आणि कॉइल यांच्या दरम्यान मल्टिमीटर लावून पाहावा. जुन्या आणि नव्या सगळ्या जोडांवर मिळून अर्ध्या व्होल्टहून अधिक गळती दिसली तर कुठला तरी जोड पुन्हा करावा लागेल. बहुधा तो हेडलाइटमधला जुनाच निघतो.

प्रश्न: गेल्या वर्षी घेतलेली १६० सीसीची, फ्युएल इंजेक्शन असलेली मोटरसायकल आहे. वॉरंटी शिल्लक आहे. यात चोरस्विच बसवल्यास वॉरंटी आणि विमा यांना बाधा येते का? कायद्याची अडचण? (एक वाचक, खारघर)

उत्तर: कायद्यापासून सुरुवात करतो, कारण ते उत्तर सर्वांत लहान आहे. मोटार वाहन कायदा १९८८ मधील कलम ५२ नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील बदलेल अशा फेरफारास मनाई करते. लपवलेल्या स्विचने त्यातला कोणताही तपशील बदलत नाही.

वॉरंटीचे तसे नाही. कंपनीची वायर कापलेली दिसली की विजेच्या भागांची वॉरंटी नाकारली जाण्याची पूर्ण शक्यता असते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ प्रदूषण मानकांनंतर या गाड्यांमध्ये ईसीयू (इंजिनाचा नियंत्रक संगणक), सेन्सर आणि फ्युएल पंप एकमेकांत गुंतलेले आहेत, त्यामुळे नंतर उद्भवलेला भलताच दोषही त्या कापलेल्या वायरीवर ढकलता येतो, आणि सर्व्हिस सेंटरला तो मोह पडला तर मला नवल वाटणार नाही. १२५ सीसीच्या वरच्या गाडीत एबीएसही (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी व्यवस्था) असते. मुख्य फ्यूजची वायर तोडून स्विच घालण्याचा सल्ला कुणी दिला, तर तो मानू नये. धावत्या गाडीत तो स्विच सुटला की इंजिनाबरोबर एबीएसही जाते.

फ्युएल पंपाच्या वायरवर स्विच घालणे हा दुसरा प्रचलित उपाय आहे. तो चालतो, नळीत उरलेल्या दाबावर इंजिन एखादवेळ क्षणभर सुरू होते आणि मग बंद पडते, त्यामुळे चोराला गाडीतच काही बिघाड आहे असे वाटते, ही त्यातली गंमत. परंतु पाम बीच रस्त्यावर वेगात असताना त्या स्विचने दगा दिला, तर बंद पडण्याची पाळी आपल्यावर येईल.

माझी पसंती तिसऱ्या जागेला आहे. आपल्या गाडीला बहुधा किक नाही. तसे असेल तर सेल्फच्या रिलेला जाणाऱ्या बारीक वायरवर स्विच घालावा. बटण दाबले तरी स्टार्टर फिरत नाही. आणि एकदा इंजिन सुरू झाल्यावर या स्विचचा त्याच्याशी काही संबंधच राहत नाही, त्यामुळे जोड कुजला तरी रस्त्यात गाडी बंद पडत नाही. ढकलून, गिअर टाकून इंजिन सुरू करता येते, हा त्यातला उघड दोष आहे, पण त्यासाठी आधी चावी फिरवलेली असावी लागते आणि हँडलचे कुलूप तुटलेले असावे लागते. काम करणाऱ्याकडून सारखेच नर-मादी कपलर आणवून मधला जोडतुकडा तयार करून घ्यावा, म्हणजे कंपनीची एकही वायर कापावी लागत नाही आणि सर्व्हिसिंगला गाडी देण्यापूर्वी तो तुकडा काढून ठेवता येतो.

विम्याच्या बाबतीत, पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेने मान्यता दिलेल्या चोरीविरोधी उपकरणालाच हप्त्यात सवलत मिळते. गॅरेजमध्ये बसवलेल्या बटणाला ती मिळत नाही. गाडी चोरीला गेल्यावर विमा कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते, तेव्हा दुसरी चावी घरात कुठे आहे ते आजच पाहून ठेवावे. माझ्या पाहण्यात दावे अडकतात ते चोरस्विचमुळे नव्हे, हरवलेल्या दुसऱ्या चावीमुळे.

प्रश्न: आमच्याकडे इग्निशन बॅटरीवर चालणारी पेट्रोलची मोटरसायकल आहे आणि तिच्यात दोन वर्षांपासून चोरस्विच आहे. मी तो न चुकता लावते. आमचे हे आणि मुलगा मात्र दोघेही विसरतात. चावी काढली की आपोआप लागेल असा स्विच मिळतो का? (एक वाचक, ऐरोली)

उत्तर: तयार मिळण्याची वाट पाहण्याचे कारण नाही, बारा व्होल्टचा साधा चार-पाच पायांचा रिले (आतल्या कॉइलला वीज मिळाली की संपर्क मिटणारा स्विच) आणि वीज एकाच दिशेने जाऊ देणारा एक डायोड एवढ्यावर तो बनतो. यात सीडीआयची वीज रिलेच्या संपर्कातून न्यायची आणि त्याच संपर्काच्या पुढच्या टोकावरून रिलेच्या स्वतःच्या कॉइललाही वीज द्यायची. चावी चालू केली तरी संपर्क उघडा असतो, म्हणून कॉइलला वीज नाही, आणि कॉइलला वीज नाही म्हणून संपर्क उघडाच राहतो. या कोंडीतून सोडवायला बाहेरून एकदाच टिचकी लागते: कॉइलला क्षणभर वीज दिली की संपर्क मिटतो आणि त्यानंतर रिले स्वतःच स्वतःला धरून ठेवतो. चावी काढली की सुटतो. विसरण्याचा प्रश्नच मिटला, कारण लावण्याजोगे काही उरलेच नाही.

ती टिचकी कुठून द्यायची, यात कल्पकतेला वाव आहे. मला आवडलेली युक्ती डिपरच्या बटणाची आहे. चावी चालू करून, इंजिन बंद असताना डिपर दाबल्यावर आपल्या गाडीचा हेडलाइट लागत असेल, तर त्या वायरवरून रिलेच्या कॉइलला फाटा द्यावा. मग नवे बटण कुठे लपवायचेच नाही. चावी फिरवली, डिपर एकदा दाबला, सेल्फ मारला. पाहणाऱ्याला आपण समोरच्या रिक्षावाल्याला खूण केली असे वाटते. या फाट्यात १एन४००७ सारखा डायोड घालणे अत्यावश्यक आहे, अन्यथा रिलेने धरून ठेवलेली वीज उलट डिपरच्या वायरीत शिरते आणि हेडलाइट अप्परवर लागून राहतो. डायोडची रेघ असलेली बाजू रिलेकडे ठेवावी.

बॅटरीची काळजी नको. अशा रिलेची कॉइल दीडशे मिलिअँपिअरच्या आसपास घेते आणि तेही चावी चालू असतानाच. धोका आहे तो वरच्या उत्तरात सांगितलेलाच: सीडीआयची वीज आता एका रिलेच्या भरवशावर आहे. पाणी न शिरणारा, रबरी टोपीच्या सॉकेटचा मोटारीचा रिले घ्यावा, रबराच्या तुकड्यावर बसवावा, आणि टूलकिटमध्ये तसाच दुसरा ठेवावा. मुलाला ही युक्ती दाखवताना मित्रांसमोर दाखवू नये, एवढे आपण सांगालच.

प्रश्न: हे सर्व करण्यापेक्षा पेट्रोलचा कॉक बंद करून जाणे पुरेसे नाही का? मी कोपरीत राहतो आणि वीस वर्षे हेच करीत आलो आहे. (एक वाचक, ठाणे पूर्व)

उत्तर: वीस वर्षे गाडी राहिली याचे श्रेय कॉकला देता येईलच असे नाही. कॉक बंद असला तरी कार्ब्युरेटरच्या तळाच्या वाटीत पेट्रोल भरलेले असते आणि तेवढ्यावर गाडी काहीशे मीटर सहज जाते. कोपरीतून निघालेला चोर तेवढ्यात आपल्या गल्लीबाहेर पडलेला असेल, आणि तिथे गाडी बंद पडल्यावर दुचाकी चालवणारा कोणीही माणूस सवयीने पहिला हात कॉकलाच घालतो. कॉक बंद करण्याची सवय मात्र सोडू नका. वाटीतली सुई झिजलेली असेल तर रात्रभरात गळणारे पेट्रोल वाचते.